मदत हवी आहे: पहिलीच स्क्रिप्ट, सारखं 'परमिशन डिनाइड' येतंय

परळची_अनु
सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्या स्कॅन केल्यात. सगळ्यांची नावं 'स्कॅन ०००१' अशी. त्यांना महिना आणि फ्लॅट नंबर लावायला सात ओळींची शेल स्क्रिप्ट (ओळीने कमांड लिहिलेली फाइल) लिहिली. चालवली की 'परमिशन डिनाइड'. सीएचमॉड (फाइलच्या परवानग्या बदलणारी कमांड) करूनही तेच. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी
सिस्टिम कुठली? कमांड नेमकी काय दिलीत? फाइल कुठे आहे?

परळची_अनु
लिनक्स, उबुंटू २२.०४. आधी नुसतं फाइलचं नाव टाकलं तर 'कमांड नॉट फाउंड', म्हणून पुढे टिंब आणि तिरकी रेघ लावली.

गिरगावकर
सीएचमॉड ७७७ द्या आणि सुडो लावून चालवा. माझं वर्षानुवर्षं असंच चाललंय.

रात्रपाळी
अहो गिरगावकर, ७७७ म्हणजे मशीनवरच्या कुणालाही ती फाइल बदलायची मुभा. +एक्स, म्हणजे फक्त चालवायची परवानगी, पुरतं. आणि फायलींची नावं बदलणारी नवशिकी स्क्रिप्ट सुडोने? चुकली तर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चुकेल.

पायथॉनप्रेमी
शेल सोडा, पायथॉन भाषा घ्या. नावात स्पेस आली की शेल रडवतो.

निशा_ठाणे
व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवलं तर नाही रडवत. आणि इथे स्क्रिप्ट सुरूच होत नाहीये, पायथॉनची फाइलही अशी चालवली तर तशीच अडेल.

पायथॉनप्रेमी
मॅकवाल्यांनी लक्षात ठेवा, २०१९च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) बॅश नाही, झेडशेल आहे.

परळची_अनु
माझ्याकडे मॅक नाही हो. ऑफिसच्या विंडोजवर जेवणाच्या सुट्टीत नोटपॅडमध्ये लिहिली, पेनड्राइव्हवर आणली, तिथूनच चालवतेय.

रात्रपाळी
हे आधी सांगायचं ना! पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ (फायली साठवायची एक पद्धत) असणार. त्यात लिनक्सच्या परमिशन साठवायची सोयच नाही. सीएचमॉड गुपचूप परत येतं, बदलत काहीच नाही. 'एलएस -एल' (परवानग्यांसकट यादी) करा, एक्स दिसणार नाही. फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करून मग सीएचमॉड द्या.

सभासद_क्र_७
सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी दिली होती का? आदर्श उपविधींत तसं आहे. आमच्याकडे यावरूनच वाद झाला.

परळची_अनु
नोटीस वेळेत गेलीय. कॉपी केली, एक्स दिसतोय. आता नवीनच: '/बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. बॅश तर आहे!

निशा_ठाणे
बॅश आहे, पण शेवटी ^एम चिकटलेला बॅश नाही. नोटपॅड नव्या फाइलमध्ये ओळ संपवताना कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही टाकतं. लिनक्सला फक्त लाइन फीड लागतं, पहिलं अक्षर ते नावाचाच भाग धरतं, तेच हे ^एम. 'डॉस२युनिक्स' इन्स्टॉल करा आणि फाइल त्यातून काढा. फ्लॅटची यादी कशात लिहिलीत?

गिरगावकर
एवढा खटाटोप कशाला? सगळ्या फायली निवडून एफ२ दाबा, एकगठ्ठा नावं बदलतात.

परळची_अनु
फ्लॅट नंबर ओळीने नाहीत, एफ२ने जमणार नाही. यादीसुद्धा नोटपॅडमध्येच केलीय.

निशा_ठाणे
मग तीही डॉस२युनिक्समधून काढा, नाहीतर तेच अक्षर प्रत्येक फाइलच्या नावात शिरेल. आणि आधी नाव बदलणाऱ्या 'एमव्ही'च्या पुढे 'इको' लावा, म्हणजे कमांड चालणार नाही, फक्त छापली जाईल, ती वाचा.

परळची_अनु
चालली! इको लावून बघितलं ते बरं झालं. ३०४वाल्यांनी एप्रिलमध्ये थकबाकीसकट दोनदा पैसे भरलेत, दोन्ही पावत्यांना एकच नाव मिळत होतं. एकीवर दुसरी बसली असती, सभेत त्यांना काय दाखवलं असतं? नावात पावती नंबर घातला, मगच इको काढला. निशाताई, रात्रपाळी, मनापासून आभार.