हर्पीज असल्याचे जर्मन मित्राला सांगितले, पण त्याला ते नेमके कळले का?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, वय ३२, गेली पाच वर्षे नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहते. तीन वर्षांपूर्वी मला जननेंद्रियावरचा हर्पीज, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा आणि पुन्हा पुन्हा फोड आणणारा विषाणूजन्य आजार, असल्याचे निदान झाले. फोडातील स्रावाची पीसीआर तपासणी झाली आणि विषाणू एचएसव्ही-२, म्हणजे हर्पीजच्या विषाणूचा दुसरा प्रकार, असल्याचे निश्चित झाले. पहिल्या वर्षी तो चार वेळा उठला, गेल्या वर्षी एकदाच. शरीराला होणारा त्रास आता फारसा उरलेला नाही. उरला आहे तो सांगण्याचा.

चार महिन्यांपूर्वी एका जर्मन मुलाशी ओळख झाली आणि ती वाढत गेली. शरीरसंबंधाची वेळ येण्यापूर्वी त्याला सांगायचे, हे मी पहिल्यापासून ठरवले होते आणि त्यासाठी जर्मनमधली वाक्ये जवळजवळ महिनाभर घोकत होते. प्रत्यक्षात एका रविवारी तो स्वयंपाकघरात कांदा चिरत असताना माझ्या तोंडून निघाले ते एवढेच, ‘इश हाबे हेर्पेस’, म्हणजे मला हर्पीज आहे. त्याची सुरी थांबलीसुद्धा नाही. ‘हो का? मलाही होतो, दर हिवाळ्यात,’ असे म्हणून त्याने ड्रॉवर उघडला आणि सेलोटेप, बॅटरीचे सेल अशा सटरफटर वस्तूंमधून अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब काढून मला दाखवली. पुढे जेवण झाले, आम्ही फिरायलाही गेलो.

दोन दिवस मी अक्षरशः तरंगत होते. तिसऱ्या दिवशी शंकेने घेरले. इथे ओठांवर येणाऱ्या फोडांनाही लोक सरळ हर्पीजच म्हणतात. मग त्याने माझे वाक्य ओठांविषयीचे समजून घेतले असेल का? आणि तसे असेल, तर मी त्याला सांगितले असे म्हणायचे की त्या शब्दाच्या आड लपले असे म्हणायचे? आमच्याकडे एसटी स्टँडजवळ ‘त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग तज्ज्ञ’ अशी पाटी होती आणि शाळेतून येताना आम्ही मुली तिच्यासमोरून उगीचच भरभर चालत जायचो. ती पाटी पाहत वाढलेल्या मला त्याचा निश्चिंतपणा मोकळेपणा वाटतो की अज्ञान, हेच ठरवता येत नाही.

ज्यांचे जोडीदार परदेशी आहेत त्यांनी आपले अनुभव कृपया सांगावेत. आणखी एक प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये तो माझ्याबरोबर साताऱ्याला येणार आहे. आई-बाबांना यातले काही सांगणे आवश्यक आहे का?

हडसनकाठचा

आपला प्रश्न वाचून मला नऊ वर्षांपूर्वीचा माझाच प्रसंग आठवला, फक्त बाजू उलट होती. मी न्यू जर्सीत राहतो, पत्नी अमेरिकन आहे. लग्नापूर्वी एकदा किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये तिने गाडी बंद केली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि रडत रडत सांगितले की तिला हर्पीज आहे. मी जे उत्तर दिले ते आजही आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. ‘एवढेच ना? माझ्या आजोबांनाही झाला होता, कमरेभोवती. गेरू लावला आणि बरा झाला,’ असे मी तिला सांगितले. मी समजत होतो ती नागीण. आमच्या गावाकडे डॉक्टरांच्या तोंडून हर्पीज हा शब्द मी तेवढ्याच संदर्भात ऐकला होता.

तिला वाटले, हा किती मोठ्या मनाचा माणूस! घरी येऊन मी वाचले, तेव्हा मोठे मन आकसले. आठ-दहा दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही, आणि त्या आधीच्या चुकीच्या दिलाशामुळे ते गप्प राहणे तिला जास्त लागले. म्हणून आपल्या शंकेला मी क्षुल्लक म्हणणार नाही.

अमेरिकेत या शब्दाचे ओझे फार आहे. ओठांवरच्या फोडाला तिथे ‘कोल्ड सोअर’ म्हणतात आणि तो झालेला माणूस ‘मला हर्पीज आहे’ असे कधीही म्हणत नाही. तो शब्द जणू कमरेखालच्या भागासाठी आणि विनोदांसाठी राखून ठेवलेला आहे. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने हर्पीजवर मुखपृष्ठकथा केली होती आणि पूर्वीच्या काळी व्यभिचारिणीच्या कपड्यांवर लावत त्या लाल अक्षराशी या आजाराची तुलना केली होती. माझ्या सासूबाईंच्या पिढीला ते मुखपृष्ठ अजून आठवते. गंमत अशी की, त्याच देशात २०१५-१६ च्या सरकारी पाहणीत १४ ते ४९ वयोगटातील सुमारे १२ टक्के लोकांच्या रक्तात एचएसव्ही-२ ची प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे आठांतला एक. पण ते आठजण एकमेकांशी बोलत नाहीत.

माझ्या पत्नीने त्या दिवसासाठी एका कागदावर मुद्दे लिहून आणले होते. रडण्याच्या आणि माझ्या आजोबांच्या गडबडीत तो कागद पर्समध्येच राहिला. पुढे तो आम्ही एकत्र वाचला, आणि खरे सांगणे ते तेव्हा झाले, असे मी मानतो.

त्वचा_नाशिक

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आपल्याकडे या विषयाच्या पदवीतच त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तीन विषय एकत्र असतात, त्यामुळे ती पाटी आमच्याही दवाखान्यावर आहे आणि तिच्यासमोरून भरभर जाणारे लोक आम्हीही आतून पाहतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवते. तापानंतर ओठांवर येणाऱ्या पुरळाला आपण ‘जर फुटला’ म्हणतो (‘ज्वर’चाच हा जर), आणि तो बहुधा एचएसव्ही-१ मुळे, म्हणजे हर्पीजच्या विषाणूच्या पहिल्या प्रकारामुळे येतो. नागीण ही त्याच कुळातील पण वेगळ्या विषाणूची करामत आहे. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि उतारवयात नागीण म्हणून वर येतो. तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे, आणि गेरूने ती बरी होत नाही. ती बहुधा आपापली ओसरते आणि श्रेय गेरूला मिळते. जननेंद्रियावरचा हर्पीज एचएसव्ही-२ मुळे होतो, तसाच मुखमैथुनातून एचएसव्ही-१ मुळेही होतो. या तिन्हींपैकी पहिल्याला आपण आजार म्हणत नाही, दुसऱ्याला दैवी कोप म्हणतो आणि तिसऱ्याला चारित्र्य म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांना एचएसव्ही-१ चा आणि १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांना एचएसव्ही-२ चा संसर्ग आहे. त्यातील बहुसंख्यांना काहीच लक्षणे नसतात किंवा इतकी सौम्य असतात की ती ओळखू येत नाहीत.

आता आपल्या मित्राविषयी. त्याला ओठांवर हर्पीज येतो म्हणजे तो एचएसव्ही-२ पासून सुरक्षित आहे, असा अर्थ कृपया काढू नये. एचएसव्ही-१ चा संसर्ग आधी झालेला असल्यास नंतरचा एचएसव्ही-२ चा पहिला उद्रेक काहीसा सौम्य असू शकतो, पण संसर्ग टळत नाही. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येत-जात असतो, म्हणून ‘काही दिसत नाही, तेव्हा धोका नाही’ हेही खरे नाही. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही. उद्रेकाच्या काळात आणि त्याआधी जी झिणझिण किंवा आग जाणवते तेव्हापासून संबंध टाळावेत.

रोज औषध घेण्याचा पर्यायही आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,४८४ जोडप्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यातील एकाला एचएसव्ही-२ होता, दुसऱ्याला नव्हता. बाधित जोडीदाराने आठ महिने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध घेतल्यावर दुसऱ्याला संसर्ग होण्याचे प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. हे आकडे जोडीदाराला दाखवण्यासारखे आहेत, कारण ‘काही होत नाही’ आणि ‘सगळे संपले’ या दोन टोकांच्या मधली जागा त्यातून दिसते. औषध आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

त्याला रक्ततपासणी करायची असेल, तर एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ वेगवेगळे दाखवणारी आयजीजी ही प्रतिपिंडांची तपासणी करावी. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत. एचएसव्ही-२ चा निकाल किंचितच सकारात्मक आला तर तो चुकीचा असण्याची शक्यता बरीच असते, त्याची खातरजमा करावी लागते.

पुढे कधी मूल हवे असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाळाला सर्वाधिक धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नव्याने संसर्ग झाला तर. आपला संसर्ग जुना आहे, त्यामुळे तो धोका फार कमी आहे. प्रसूतितज्ज्ञांना मात्र आधी सांगावे.

माइनकाठ

मी फ्रँकफर्टमध्ये चौदा वर्षे आहे. आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले दिसते, की जर्मन माणूस या बाबतीत मोकळा आणि आपण बंदिस्त. मला ते अर्धेच पटते.

माझ्या कार्यालयात लोक ओठांवर पारदर्शक पट्टी चिकटवून बैठकीला येतात आणि ‘हर्पीज आलाय, हस्तांदोलन नको’ असे हसत सांगतात. मलम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, दूरचित्रवाणीवर त्याची जाहिरात लागते. एवढेच काय, एखादी गोष्ट किळसवाणी वाटली तर ‘मला याने हर्पीज येईल’ असे लोक सर्रास म्हणतात; किळस आली की ओठांवर हर्पीज फुटतो, अशी समजूत आहे आणि त्याला ‘एकेलहेर्पेस’ असा स्वतंत्र शब्दही आहे. पण हा सगळा मोकळेपणा ओठांचा आहे. ‘गेनिटालहेर्पेस’, म्हणजे जननेंद्रियावरचा हर्पीज, हा शब्द मी चौदा वर्षांत कोणाच्याही जेवणाच्या टेबलावर ऐकलेला नाही. माझी एक जवळची जर्मन मैत्रीण आहे, अत्यंत स्पष्टवक्ती. तिने स्वतःचे निदान मला सांगायला दोन वर्षे घेतली, आणि सांगताना आवाज इतका खाली आणला की मला पुन्हा विचारावे लागले.

म्हणून माझ्या मते आपण वाक्य अपुरे सांगितले आहे. त्यात लबाडी नव्हती, पण ते अपुरे आहे. मराठीत ‘जर फुटतो’ म्हणून एखाद्याने वेळ मारून नेली असती तर आपल्याला जसे वाटले असते, तसे त्याला नंतर वाटू शकते. शब्द बदलून पुन्हा सांगा. जागा सांगा, प्रकार सांगा, वर्षाला किती वेळा उठतो ते सांगा. आणि कृपया तो कांदा चिरत नसताना सांगा.

कृष्णाबाई_वाईकर

आई-बाबांच्या प्रश्नावर थोडेसे. विशेष विवाह कायदा, १९५४ आणि हिंदू विवाह कायदा, १९५५ या दोन्हींत जोडीदाराला संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग असणे हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून आजही नोंदलेले आहे. कुष्ठरोग मात्र २०१९ मध्ये त्या यादीतून वगळला. हर्पीजला ते कलम कितपत लागू होईल, हा वकिलांचा विषय आहे. पण ते कलम जोडीदारापुरते आहे, सासर-माहेरच्या माणसांपुरते नाही. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला सांगणे आपले कर्तव्य आहे. आई-बाबांना सांगणे ही आपली इच्छा. आपल्याकडे स्थळ पाहताना पत्रिका, रक्तगट, चष्म्याचा नंबर हे सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही, आणि मुलगी आपणहून बोलली तर आजाराआधी ‘कोणाकडून आला?’ एवढेच विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची आपली तयारी असेल तरच सांगा.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण आधी करायचे ते करून मगच लिहायचे ठरवले होते.

हडसनकाठच्या यांच्या पत्नीप्रमाणे मीही कागद केला. जर्मनमध्ये सात ओळी लिहिल्या आणि त्यात ‘गेनिटालहेर्पेस’ हा शब्द पहिल्याच ओळीत ठेवला, म्हणजे मागे हटायला जागा उरू नये. इझर नदीच्या काठी बाकावर बसून त्या वाचून दाखवल्या. या वेळी तो थांबला. बराच वेळ गप्प राहून त्याने तीन प्रश्न विचारले : दुखते का, मला होण्याची शक्यता किती, आणि त्या रविवारी तू हे का नाही सांगितलेस. पहिल्या दोहोंची उत्तरे माझ्याकडे होती. तिसऱ्याला मी म्हटले की मी सांगितले असेच मला वाटले होते, आणि ते पूर्ण खरे नव्हते हेही म्हटले.

त्यानंतर दोन दिवस त्याचा फोन आला नाही. त्या दोन दिवसांविषयी लिहीत नाही. मग त्याने कळवले की त्याने स्वतःहून रक्त दिले आहे. निकाल आला : एचएसव्ही-१ आहे, एचएसव्ही-२ नाही. रोजची गोळी सुरू करण्याविषयी मी माझ्या डॉक्टरांशी बोलले आहे. पुढच्या भेटीला तोही येणार म्हणतो. आमचे काय ठरेल ते अजून ठरलेले नाही. पण आता जे ठरेल ते दोघांना सारखेच माहीत असताना ठरेल.

आई-बाबांना सांगितलेले नाही आणि सध्या सांगणारही नाही. मात्र परवा व्हिडिओ कॉलवर तो माझ्या शेजारी बसला होता. थंडी सुरू झाली आहे, त्यामुळे त्याच्या खालच्या ओठावर नेहमीची खपली होती. आईने चष्मा वर सरकवून पडद्यात डोकावून पाहिले आणि मला म्हणाली, ‘अगं, जर फुटलाय बिचाऱ्याला. ताप येऊन गेला का? त्याला सांग, रात्री झोपताना साजूक तूप लाव म्हणावं.’

मी भाषांतर केले. तूप कुठे मिळेल, असे त्याने विचारले आहे.