'रेसिड्यू'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'काँटॅक्ट'ला?)

रानजाई
प्रथिनांच्या रचनेवरचं एक प्रकरण पदवीच्या मुलांसाठी मराठीत आणतेय आणि एका वाक्यापाशी तीन दिवस अडकलेय. 'प्रथिनातल्या कोणत्या दोन रेसिड्यूंमध्ये काँटॅक्ट आहे, हे रचनेवरून कसं ओळखायचं?' (रेसिड्यू म्हणजे अमिनो आम्लं जोडून बनलेल्या प्रथिनाच्या साखळीतला एकेक तुकडा; काँटॅक्ट म्हणजे घडी पडल्यावर असे दोन तुकडे एकमेकांजवळ येणं.) पहिल्या खर्ड्यात मी 'अवशेषांमधील संपर्क' लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला : 'अवशेष पडलेल्या वाड्याचे असतात. इथे प्रथिन धडधाकट उभं आहे.' त्यांचं पटलं. पण मग काय लिहू? 'घटक' फारच मोघम, आणि 'अमिनो आम्ल' काटेकोरपणे बघितलं तर चूक. 'संपर्क' ठीक आहे असं धरून चाललेय, अडचण फक्त 'रेसिड्यू'ची आहे.

टीपकागद
'अमिनो आम्ल' चूक का, ते आधी सांगतो, कारण शब्द तिथूनच निघतो. साखळीत ओवताना दर जोडामागे पाण्याचा एक रेणू निघून जातो. सुटं ग्लायसिन हे अमिनो आम्ल ७५ डाल्टनचं (डाल्टन हे अणुरेणूंच्या वजनाचं एकक), साखळीतलं ५७ चं. मधले १८ म्हणजे गेलेलं पाणी. मायोग्लोबिन या प्रथिनामध्ये असे १५३ जण आहेत, म्हणजे १५२ जोड आणि पाण्याचे १५२ रेणू. पाणी वजा जाता जे उरलं, ते रेसिड्यू. म्हणून 'शेष'. भागाकारात उरतो तोही शेषच. अवशेषात पडझड आहे, शेषात नाही. मी वर्गात वीस वर्षं 'शेष क्रमांक अमुक' असंच म्हणत आलोय, एकाही मुलाला अडलं नाही.

काथ्याकूट
वर्गात तुम्ही समोर उभे असता, म्हणून अडत नाही. कागदावर 'शेष' विशेषण होऊन बसतो : शेष रक्कम, शेष भाग पुढील अंकी. '१५३ शेषांचे प्रथिन' वाचणारा विचारेल, बाकीचं कुठं गेलं? मराठीला रोजच्या वापरातला शब्द असताना संस्कृतच्या दारात कशाला जायचं? साखळी म्हटली की कडी, माळ म्हटली की मणी. 'ओवताना' हे क्रियापद तर तुमच्याच प्रतिसादात आलंय. जे ओवतात ते मणी.

मोडीवाचक
शेष, अवशेष, विशेष, उच्छिष्ट ही सगळी 'शिष्' धातूची मुलं. उच्छिष्टाचं मराठीत 'उष्टं' झालं. शिष्यही त्यातलाच, गुरूमागे उरतो तो शिष्य. लॅटिनमधला शब्द मात्र वेगळ्या वाटेनं आलाय. तिथं मूळ क्रिया 'बसणे' ही आहे, आपल्या 'सद्' धातूची बहीण. मागे बसून राहिलं ते रेसिड्यू. द्रव आटवल्यावर भांड्याच्या तळाशी उरतं त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि आपण त्याला साका म्हणतो, गाळ म्हणतो. तिथं 'अवशेष' चालेल. इथं नाही.

टीपकागद
बाकी सगळं मान्य, पण 'शिष्य' तिथला नाही. तो 'शास्' धातूचा. ज्याला शासन करायचं, म्हणजे शिकवायचं, तो शिष्य. शास्त्र आणि शिष्ट त्याच घरचे.

मोडीवाचक
बरोबर. वडिलांकडून लहानपणी ऐकलेली व्युत्पत्ती होती, कधी तपासली नाही. मागे घेतो.

उंबरठा
मी रोज हेच मोजतो, त्यामुळे राहवत नाही. काथ्याकूट, 'मणी' म्हटलं की सगळे सारखे गोल डोळ्यांपुढे येतात. प्रत्येकाच्या अंगाला वेगळी फांदी असते, कुणाची आखूड, कुणाची लांब, आणि रचनेतले कितीतरी महत्त्वाचे काँटॅक्ट फांद्याफांद्यांत होतात. मण्यात ती फांदी दिसतच नाही.

पण रानजाई, मला खरं खटकतंय ते तुम्ही गृहीत धरलेलं 'संपर्क'. लायसिन आणि ग्लुटामिक आम्ल ही दोन अमिनो आम्लं समोरासमोर आहेत असं समजा. लायसिनच्या टोकाचा नायट्रोजन आणि ग्लुटामिकचा ऑक्सिजन २.८ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग), म्हणजे पक्का क्षारसेतू, विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीचा बंध. पण दोघांच्याही फांद्या लांब, त्यामुळे दोघांचे बीटा कार्बन, म्हणजे फांदीतले पहिले कार्बन, ९ अँगस्ट्रॉमवर. आता प्रथिनाच्या रचनेचं भाकीत करण्याच्या कॅस्प स्पर्धांमध्ये चालायचा तो नियम लावा : बीटा कार्बनमधलं अंतर ८ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर काँटॅक्ट, ग्लायसिनला बीटा नसतो म्हणून त्याचा अल्फा, म्हणजे फांदी फुटते तो साखळीतला कार्बन, धरायचा. या नियमानं काँटॅक्ट नाही! हायड्रोजन सोडून कुठलेही दोन अणू ४.५ च्या आत, असा नियम लावला तर आहे. उलटंही होतं. बीटा कार्बन ७ वर, पण फांद्या एकमेकींकडे पाठ करून, आणि तरी काँटॅक्टच्या नकाशात ठिपका पडतो. म्हणजे काँटॅक्ट ही आपण ठरवलेली मर्यादा आहे. 'संपर्क' म्हटलं की वाचकाला वाटतं, तिथं काहीतरी घडलंय.

काथ्याकूट
मग 'स्पर्श'.

उंबरठा
तो तर आणखी लांबचा. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे न जोडलेल्या अणूंसाठी धरायची त्रिज्या, १.७ धरतात, म्हणजे दोन कार्बन टेकतात ते ३.४ च्या आसपास. आठवर स्पर्श कसला? माझ्या टिपणांत मी 'शेजार' लिहितो.

टीपकागद
'शेजार' गोड आहे, पण इथं नेमका घोळ घालेल. साखळीतला शेजारी वेगळा आणि घडी पडल्यावरचा शेजारी वेगळा. अंड्याच्या लायसोझाइम या प्रथिनामध्ये १२९ जण आहेत. त्यातला ६ क्रमांकाचा सिस्टीन १२७ व्याशी डायसल्फाइड बंधानं बांधलेला. साखळीवर मोजलं तर १२१ घरं दूर, आणि दोघांच्या गंधकाच्या अणूंत जेमतेम २ अँगस्ट्रॉम. हे दोघे शेजारी म्हणायचे का? आणि ६ आणि ७ हे कोण मग? काँटॅक्ट मोजताना तर साखळीतले लगतचे आपण मुद्दाम गाळतो, कारण ते जवळ असणारच.

शिवाय 'काँटॅक्ट' प्रत्येक वेळी चांगल्या अर्थानंच येतो असं नाही. मद्रासला रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली साखळीला कुठली वळणं चालतात ते दाखवणारा तो प्रसिद्ध आलेख मांडला, तो उभा आहे काँटॅक्टच्या मर्यादांवर. एकमेकांना न जोडलेले दोन कार्बन सहसा ३.२ अँगस्ट्रॉमच्या आत यायचे नाहीत, अगदी ताणलं तर ३.०. त्याहून जवळ आले की साखळीचं ते वळणच निषिद्ध. तिथला काँटॅक्ट म्हणजे आगळीक, आणि इथला काँटॅक्ट म्हणजे आधार. रानजाईताईंच्या प्रकरणात दोन्ही येणार. एकाच मराठी शब्दावर दोन्ही लादलेत तर मुलं गोंधळतील.

मोडीवाचक
'संपर्क' हा 'पृच्' धातूचा, अर्थ मिसळणे. मधुपर्कातला पर्क तोच, दह्यात मध मिसळतात. फांद्या मिसळत तर नाहीत.

काथ्याकूट
धातूवरून आजचा अर्थ ठरत नाही. आज 'संपर्क' म्हणजे कुणाच्या मनात मध येत नाही. उंबरठांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, तो अर्थाचा आहे. आपल्याकडे या एका कल्पनेसाठी केवढी क्रियापदं आहेत बघा : टेकणे, खेटणे, भिडणे, चिकटणे, घासणे. प्रत्येकात अंतर वेगळं आणि जोरही वेगळा. ३.४ वर टेकतात, ३.० वर घासतात. नामं करण्याच्या हट्टापायी ती आपण फुकट घालवतोय.

रानजाई
काथ्याकूट, तुमचं वाचून काल रात्री एक परिच्छेद पुन्हा लिहिला. सिकल सेलचा आहे. आधी होतं : '६ क्रमांकाच्या अवशेषाचा शेजारील रेणूतील ८५ व ८८ क्रमांकांच्या अवशेषांशी संपर्क प्रस्थापित होतो.' आता : 'बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत शिरतं आणि तिथल्या ८५ व्या फेनिलॲलानिनला व ८८ व्या ल्युसिनला खेटून बसतं.' लिहून झाल्यावर लक्षात आलं, रेसिड्यूला शब्द लागलाच नाही. 'जागा' आणि नाव, एवढ्यात भागलं.

टीपकागद
परिच्छेद फार चांगला झालाय. पण परिभाषा वाक्यात विरघळवून सुटका नाही. तक्त्याच्या मथळ्यात काय घालाल? 'एकूण जागा'? आणि 'दर जागेमागे सरासरी खेटणी'?

काथ्याकूट
का नाही? पहिल्यांदा ऐकताना 'शेष क्रमांक ६' सुद्धा विचित्रच वाटलं असेल.

उंबरठा
मथळ्यात 'जागा' मला चालेल. 'खेटणी' नाही. ८ अँगस्ट्रॉमवरचे खेटलेले नसतात, हे मी वर सांगितलंय. तिथं 'सान्निध्य' लिहा आणि मर्यादा मथळ्यातच द्या. 'सान्निध्य (बीटा कार्बन, ८ अँगस्ट्रॉमच्या आत)'.

मोडीवाचक
सगळेच 'आम्ल' लिहिताय म्हणून विचारतो. मूळ संस्कृत शब्द 'अम्ल', आंबट त्यावरूनच आलं. मग 'अमिनो अम्ल' का नको?

काथ्याकूट
कारण बोलताना तोंडात 'आम्ल' येतं. माझ्या पाठ्यपुस्तकात तेच होतं.

टीपकागद
माझ्या पाठ्यपुस्तकात 'अम्ल' होतं.