वजन कमी करण्याचं ऑपरेशन: सर्जन सोलापूरचा, पुण्याचा की हैदराबादचा?

शाळेच्या_बाई

नमस्कार. वय 42, उंची 156 सेंमी, वजन 106 किलो. शाळेत शिकवते, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. साखरेला सात वर्षं झाली, दोन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.1. बीपीची गोळी वेगळी. घोरणं इतकं की मिस्टर उशी घेऊन हॉलमध्ये जातात. सकाळी उपाशीपोटी पॅन-डी ही ॲसिडिटीची गोळी घेतल्याशिवाय चहासुद्धा पचत नाही. डाएट, चालणं, पावडरी, सगळं करून झालं. उतरलेलं वजन व्याजासकट परत येतं.

सात रस्त्याजवळच्या आमच्या फिजिशियननी आता सरळच सांगितलं की बॅरियाट्रिकचा, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा विचार करा. करायचं हे घरात ठरलंय. (सासूबाई सोडून. त्यांच्या मते मी कडक भाकरी खात नाही म्हणून हे सगळं.) प्रश्न आहे तो कोणाकडे करायचं हा.

इथलेच एक लॅप्रोस्कोपी सर्जन आहेत. माझ्या जावेचं पित्ताशय त्यांनीच काढलं, हात चांगला, माणूस चांगला. "स्लीव्हही करतो" म्हणाले (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन), खर्च अडीच लाखांच्या आसपास. दुसरे पुण्याचे, फक्त बॅरियाट्रिकच करतात. महिन्यातून एकदा होटगी रोडला ओपीडी घेतात, ऑपरेशन मात्र पुण्यात, साडेचार लाख. आणि नणंद हैदराबादला असते, ती म्हणते इकडे मोठं सेंटर आहे, ये, राहायचा खर्च वाचेल.

मध्ये एका हॉटेलात मोफत शिबिर होतं, तिथेही जाऊन आले. वजन-उंची घेतली आणि टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजच बुकिंग केलंत तर पंधरा टक्के सूट." नवी पेठेत साडी घेतानाही मला एवढी घाई कुणी केली नव्हती.

सर्जनला नेमकं काय विचारायचं? आणि स्लीव्ह की बायपास (जठराची छोटी पिशवी करून आतडं जोडायचं ते दुसरं ऑपरेशन) हे कोण ठरवतं, आपण की ते?

कंबर_तलाव

मॅडम, चांगल्या पोटाची कापाकापी कशाला? पहाटे तलावाला फेऱ्या मारा, रात्रीचं जेवण सातच्या आत. माझे नऊ किलो गेले.

शाळेच्या_बाई

दादा, तुमचे गेले याचा खरंच आनंद आहे. माझे चाळीस जायला हवेत आणि गुडघे अर्ध्या फेरीतच बाक शोधतात.

निवृत्त_ओटी_सिस्टर

कंबर तलाववाल्या दादांनी राग मानू नये, पण यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 43 च्या वर आहे. आपल्याकडे जुन्या नियमांनीही 37.5 च्या पुढे, आणि सोबत डायबेटिससारखा आजार असेल तर 32.5 पासूनच ऑपरेशनचा विचार व्हायचा, आता तर त्याहूनही आधी होतो. फेऱ्यांचा विषय इथे संपला.

बाई, माझी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, त्यामुळे सर्जन मी केबिनमधून नाही, टेबलाच्या पलीकडून पाहिलेत. पहिली गोष्ट, पित्ताशयात हात चांगला म्हणजे यातही चांगला असेलच असं धरू नका. दुर्बीण तीच, पण पेशंट वेगळा. लिव्हर चरबीने फुगलेलं असतं, ते उचलून धरल्याशिवाय जठराचा वरचा कोपरा दिसत नाही, आणि स्लीव्हमधली अवघड जागा नेमकी तीच. म्हणून बरेच सर्जन आधी दोनेक आठवडे कमी कॅलरीचं जेवण देतात, लिव्हर आकसावं म्हणून. तुमच्या इथल्या सर्जननी त्याचा उल्लेख केला का?

"किती ऑपरेशनं केलीत" असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर येतं. असं विचारा: गेल्या वर्षात स्वतःच्या हाताने स्लीव्ह किती, बायपास किती? त्यात लीक, म्हणजे टाक्यांच्या जागेतून गळती, किती जणांना झालं? पुन्हा थिएटरमध्ये किती जणांना न्यावं लागलं, आणि त्यांचं पुढे काय झालं? "आमच्याकडे एकही कॉम्प्लिकेशन नाही" म्हणणाऱ्याकडे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. एक तर तो फार थोडी करतो, नाही तर सांगत नाही. ज्याला आपले बिघडलेले पेशंट आठवतात, तो खरा.

नावापुढच्या अक्षरांनी दिपू नका. एमएस किंवा डीएनबी सर्जरी हवीच, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर पाहता येते. त्यापुढची फेलोशिप कधी वर्षभर कुणाच्या हाताखाली राहून केलेली असते, कधी चार दिवसांच्या कोर्सची. कुठे, किती काळ, हे विचारायला लाजू नका. ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडिया ही या सर्जनांची संस्था आहे. सभासद असणं बरं, पण तेवढ्यावर निवडू नका.

स्टेपलरबद्दल विचारा. जठर कापून शिवायचं काम तोच करतो. त्याची काडतुसं एकदाच वापरायची असतात, एका ऑपरेशनला अनेक लागतात, आणि बिलात सगळ्यात जड ओळ बहुतेक वेळा तीच असते. अडीच लाख आणि साडेचार लाख यातला फरक कुठून आला ते तिथे कळेल. कोणत्या कंपनीची, किती धरलीत, पॅकेजमध्ये आहेत की वरून, एवढे तीन प्रश्न पुरेत.

भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच भेटायला मागा. घोरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते हसण्यावारी नेऊ नका, ते बहुधा स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास अडकणं. झोपेची तपासणी न करता तुम्हाला टेबलावर घ्यायला निघालेला माणूस मला नको. आयसीयूत रात्री कोण असतं, सीटी स्कॅन रात्री दोनला होतो का, रक्तपेढी किती लांब, हेही विचारा.

आता पॅन-डी. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढून टाकतात, उरते एक नळी, आणि तिच्यातला दाब वाढतो. ज्यांना आधीच आंबट पाणी वर येतं त्यांचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. बायपासमध्ये छोटी पिशवी करून आतडं तिला जोडतात, त्यात हा त्रास सहसा कमी होतो, साखरेवरही परिणाम चांगला. म्हणून आधी एंडोस्कोपी. ती न करता ज्याने "स्लीव्ह करू" म्हटलं त्याने तुमच्याकडे पाहून नाही, स्वतःला काय जमतं ते पाहून ठरवलं. कोण ठरवतं म्हणालात ना? एंडोस्कोपी, साखर आणि तुमचं खाणं ठरवतं. सर्जन दोन्ही ऑपरेशनं करणारा असावा, म्हणजे त्याचा सल्ला एकाच बाजूला झुकत नाही.

आणि मिश्री लावत असाल तर आत्ता सांगा. आपल्याकडे बायका "तंबाखू नाही" म्हणतात आणि सकाळी मिश्री लावतात. बायपासच्या जोडाला तंबाखूने अल्सर होऊ शकतो.

राहिलं पुणे-हैदराबाद. ऑपरेशनला तुम्ही कुठेही जा. पण घरी आल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री नाडी 120 वर गेली, ताप आला, डावा खांदा दुखायला लागला, दम लागला, तर कुणाला उठवायचं? लीक बऱ्याचदा डिस्चार्जनंतरच कळतं आणि त्यात तास मोजावे लागतात. हैदराबाद तीनशे किलोमीटर, पुणे अडीचशे. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा की सोलापुरात मला कोण दाखल करून घेईल, आणि ते नाव कागदावर मागा. माझ्या मते तुमची निवड या एका प्रश्नावर व्हावी.

मंगळवेढा_मालदांडी

सिस्टरनी सगळंच सांगितलं, मी फक्त पेशंटचं सांगतो. मी पुण्यात बायपास करून घेतलो. 131 वरून 84 वर आलो, आता 89 वर थांबलोय. लोकं म्हणतात वजन परत आलं काय की. येतं थोडं, त्याची तयारी ठेवा.

सर्जन कसा निवडलो विचारलाल तर, दोघांना दाखवलो. पहिला म्हणाला पुढच्या मंगळवारी या. दुसरा म्हणाला आधी गुटखा सोडा, मग तारीख. मला राग आला, बाहेर येऊन बायकोला म्हणलो हा काय डॉक्टर हाय का मास्तर. पण त्याच्याकडेच गेलो. त्याची एक आहारतज्ज्ञ होती, तिला ज्वारीची भाकरी कळायची. पहिल्याच्या कागदावर ओट्स आणि ब्रोकोली. सोलापुरात ब्रोकोली रोज कुठं शोधू बे?

नंतरचं कुणी नीट सांगत नाही. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग वाटून, मग मऊ. भाकरी लई उशिरा आली. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन म्हणजे नुसत्या वरणावर भागत नाही. अंडी, दही, पनीर, पावडर लागतेच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गेले, मग परत आले. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर. त्याचा महिन्याचा खर्च आधी धरा, पॅकेजमध्ये तो नसतो. दुखण्याची कुठलीही गोळी मेडिकलातून परस्पर घ्यायची नाही. अक्कलकोटला लग्नात वाटीभर आमरस खाल्लो तर अर्ध्या तासात घाम, धडधड, मांडवामागं जाऊन आडवा. त्याला डम्पिंग म्हणतात, हे डॉक्टरनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

फॉलोअपला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, संध्याकाळी तिनंच परत. तपासणीचं रक्त सोलापुरातच द्यायचं, रिपोर्ट घेऊन जायचं. साखरेच्या गोळ्या तर पहिल्या आठवड्यातच कमी कराव्या लागल्या, नाहीतर साखर एकदम खाली जाते. त्यासाठी इथला फिजिशियन आणि तिथला सर्जन फोनवर बोलणारे पाहिजेत.

विमा_आणि_चहा

खर्चाबद्दल थोडंसं. मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांप्रमाणे वय 18 किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय 40 किंवा जास्त असेल तर बॅरियाट्रिकला नुसतं "वजन कमी करण्यासाठी" म्हणून टाळता येत नाही. 35 किंवा जास्त असेल तर सोबत ठराविक आजार लागतात, त्यात आटोक्यात न येणारा टाइप 2 डायबेटिस आणि गंभीर स्लीप ॲप्निया आहेत. तुम्ही पहिल्यातच बसता. पण साध्या उपायांनी वजन उतरलं नाही याचा पुरावा मागतात, तेव्हा आहारतज्ज्ञांचे जुने कागद, फिजिशियनचं पत्र, तारखांसकट वजनाच्या नोंदी जपून ठेवा. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षा काळ बघा. पूर्वमंजुरी हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स भरू नका, आणि ते हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का हे हॉस्पिटलला नाही, विमा कंपनीला विचारा.

शाळेच्या_बाई

मंडळी, सगळ्यांचे आभार. प्रश्न वहीत लिहून नेले. मिस्टर म्हणाले तोंडी परीक्षा घ्यायला निघालीस.

एंडोस्कोपी झाली. हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) निघाला आणि अन्ननलिकेला खालच्या बाजूला सूज. सिस्टर, तुमची पॅन-डीची शंका बरोबर होती. मिश्री लावत नाही, सासूबाई लावतात.

इथल्या सर्जनकडे रिपोर्ट घेऊन गेले. त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "तुम्हाला बायपास लागेल, आणि तो मी नियमित करत नाही." लिव्हरचं, झोपेच्या तपासणीचं विचारलं तर तेही मोकळेपणाने बोलले. मला ते आधीपेक्षा जास्त आवडले. मी विचारलं, पुण्यात केलं आणि रात्री काही झालं तर तुम्ही घ्याल का? म्हणाले, घेईन, पण तिथल्या सर्जनने आधी माझ्याशी बोलावं, ऑपरेशनची नोट मला मिळावी.

पुण्याच्या डॉक्टरांच्या ओपीडीत आधी त्यांची समन्वयक मुलगी भेटली. लीकचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, निगेटिव्ह विचार नको." आत गेल्यावर तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. त्यांनी आकडे सांगितले, आणि ज्या बाईंना लीक झालं होतं त्यांचं सगळं, किती दिवस आयसीयूत होत्या तेसुद्धा. इथल्या सर्जनचा नंबर दिला तर त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. स्टेपलर पॅकेजमध्ये आहेत, लिहून मिळालंय. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात. हैदराबाद रद्द, नणंदेच्या घरी पातळ आहारावर राहणं हा एक विनोदच झाला असता.

आता एकच अडचण. सुट्टी दिवाळीत कमी मिळते, मे महिन्यात भरपूर. सगळे म्हणतात मे घ्या, निवांत विश्रांती होईल. काय करू?

निवृत्त_ओटी_सिस्टर

मे नको. सोलापूरचा मे तुम्हाला मी सांगायला नको, पारा 43 च्या आसपास. आणि तुमच्या नव्या पोटात एका वेळी दोन घोटांच्या वर पाणी मावणार नाही. या ऑपरेशननंतर लोक परत दाखल होतात त्यात पाणी कमी पडणं हे नेहमीचं कारण आहे. दिवाळी घ्या, कमी पडेल तेवढी वैद्यकीय रजा लावा. डिस्चार्ज मिळाला की लगेच गाडीत बसू नका, आठवडाभर पुण्यातच हॉस्पिटलजवळ खोली घ्या. नंतर येताना इंदापूर-टेंभुर्णीला थांबून गाडीतून उतरून चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

आणि पुण्याला पुढच्या वेळी जाल तेव्हा वॉर्डमध्ये डोकावून रात्रपाळीला किती पेशंटमागे एक सिस्टर असते ते विचारा. डॉक्टरांना नाही, सिस्टरलाच.