मदत हवी आहे: कॉलऱ्याचे रुग्ण वाढताहेत, आरएल (शिरेतून द्यायचं रिंगर लॅक्टेट सलाईन) पुरणार नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रात 6 खाटा आणि एकाच वाडीतले 24 रुग्ण. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. आरएलच्या 500 मिलीच्या 60 बाटल्या उरल्यात, पुढचा साठा उद्या दुपारी येईल. सध्या प्रत्येकाला एकेक बाटली सावकाश चालू आहे. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद 1
नाही ताई, यात ज्याला दहा लागतात त्यालाही एकच मिळतेय. आत्ता प्रत्येकाची मनगटाची नाडी बघा. नाडी लागत नाही किंवा अगदी बारीक लागते, गुंगी आहे, पिता येत नाही, अशांनाच आरएल द्या. पण भरपूर आणि जोरात: किलोमागे 100 मिली. त्यातले 30 मिली पहिल्या अर्ध्या तासात, 70 मिली पुढच्या अडीच तासांत. म्हणजे 50 किलोच्या माणसाला आधी 3 बाटल्या, मग 7. वर्षाच्या आतल्या बाळाला हेच 1 तासात आणि 5 तासांत. तीव्र कुपोषित मुलाला मात्र हा वेग चालत नाही, त्याच्यासाठी बालरोगतज्ज्ञांना फोन करा.

निळ्या, बारीक सुईतून अर्ध्या तासात दीड लिटर जात नाही. हिरवी किंवा राखाडी, जाड सुई लावा, नाहीतर दोन्ही हातांना लावा. अर्ध्या तासाने नाडी भरली नसेल तर किलोमागे 30 मिली पुन्हा. सलाईन लावलंय म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि ते थेंबथेंब चालू असतं, माणूस तिथेच हातचा जातो.

प्रश्नकर्ती
बाकीच्यांना उलट्या होताहेत, ओआरएस (पाजायची जलसंजीवनी) टिकत नाही. आरएल संपलं तर डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालेल?

प्रतिसाद 2
नुसतं डेक्स्ट्रोज अजिबात नको, त्यात क्षार नसतात. नॉर्मल सलाईन (मिठाच्या पाण्याचं) चालेल, पण त्यात पोटॅशियम नाही, म्हणून गिळता येऊ लागताच सोबत ओआरएस सुरू करा.

उलटी झाली की 10 मिनिटं थांबा, मग दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. ग्लासभर एकदम दिलं तर बाहेरच येणार. हे काम नर्सचं नाही, शेजारी बसलेल्या नातेवाइकाचं आहे, त्याच्या हातात चमचा द्या. 4 तासांत किलोमागे 75 मिली पोटात गेलं पाहिजे. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी नळ लावलेल्या पिंपांतून हेच पाणी नातेवाइकांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

पाकिटं संपली तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ शीग लावून घालू नका, ते घातक ठरतं.

प्रतिसाद 1
लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) कोणालाही देऊ नका. गंभीर रुग्णाची उलटी थांबली की डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक 300 मिग्रॅ एकदाच (मोठ्यांना). सहा महिन्यांवरच्या मुलांना झिंक 20 मिग्रॅ रोज, 10 दिवस. खाटेला भोक पाडून खाली बादली ठेवा, बादलीच्या आत लिटरच्या खुणा करा. जितकं खाली गेलं, तितकं ओआरएसने भरून काढायचं. पापण्या सुजल्या किंवा धाप लागली तर सलाईन तिथेच थांबवा.