फोन, चॅट, मीटिंग सगळं एकाच अ‍ॅपात कोंबा म्हणणाऱ्यांना

लोहारचाळकर:
काल क्लाउडवाला यांनी इथे लिहिलं की ज्यांच्या भिंतीवर अजून ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन जोडणारं मशीन) लटकतोय त्यांचा धंदा दुसऱ्याच्या घशात जाणार, सगळं एका अ‍ॅपवर आणा आणि सुटा. तिथेच उत्तर देत होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. साहेब, आमच्या गल्ल्यावर एकदा उभे राहा. वायर-स्विचगिअरची होलसेल आहे. गिऱ्हाईक लाईनवर असतानाच पोऱ्या इंटरकॉमवर दोन आकडे दाबतो, "सी कर्व्ह ६३ फोर पोल किती पडलेत रे?", गोडाऊनमधून आकडा येतो, सौदा पक्का. यात लॉगिन कुठे बसवू? वडिलांच्या वेळचा नंबर बिलबुकावर छापलाय, आजही लोक तोच फिरवतात. आणि तुमचं ते माणशी दरमहा भाडं! मशीन एकदा घेतलं की विषय संपला.

क्लाउडवाला:
मशीन घेतलं की विषय संपतो? कार्ड उडालं की एएमसीवाल्याच्या, म्हणजे वार्षिक देखभालवाल्याच्या, कोण पाया पडतं मग? नंबर जुनाच ठेवा ना, कोण नको म्हणतंय.

सर्व्हररूम:
नंबर ठेवा म्हणणं सोपंय हो. मोबाईल नंबर पोर्ट होतो, लँडलाईनचा आपल्याकडे होत नाही, म्हणजे जुनी लाईन राहणार आणि मध्ये गेटवे, म्हणजे ती लाईन अ‍ॅपला जोडणारी पेटी, बसणार. वर टोल बायपास, म्हणजे लांबच्या कॉलचं भाडं चुकवणं. मुंबईच्या माणसाचा कॉल कंपनीच्या नेटवरून दिल्ली ऑफिसात नेऊन तिथून लोकल म्हणून बाहेर काढला की नियम मोडला. म्हणूनच मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये इथे लोकेशन बेस्ड राउटिंग लावतात, म्हणजे माणूस कुठे बसलाय ते बघून कॉल सोडायचा, आणि मग घरी बसलेल्याला ऑफिसच्या नंबरवरून बाहेर कॉल लागत नाही. झूमची फोन सेवा, झूम फोन, भारतात आली ऑक्टोबर २०२४ ला, तीही सुरुवातीला पुण्यात; मुंबई टेलिकॉमच्या हिशेबात वेगळं सर्कल, म्हणजे परवान्याचा वेगळा इलाखा. परदेशातले व्हिडिओ बघून इथे सल्ले देऊ नका.

कॉस्टिंगताई:
तुमचे नियम राहू द्या बाजूला, मला अ‍ॅपात नावापुढे दिसणाऱ्या त्या "जागेवर आहे" सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्याबद्दल बोलायचंय. ५ मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा. मी कागदावर कॉस्टिंग करते, कॅल्क्युलेटर हातात, ठिपका पिवळा, की लगेच वरून मेसेज "मॅडम कुठे आहात?" अहो इथेच आहे, तुमचंच काम करतेय! आमच्यातल्या एकाने माऊसखाली मनगटी घड्याळ ठेवलंय, सेकंदकाटा फिरला की कर्सर थरथरतो आणि ठिपका हिरवा. पगार त्या घड्याळाला द्या म्हणावं.

क्लाउडवाला:
ताई, हा दोष बॉसचा आहे, अ‍ॅपचा नाही.

कॉस्टिंगताई:
हे प्रत्येक विकणारा म्हणतो. पूर्वी बॉसला उठून टेबलापर्यंत यावं लागायचं, तेवढ्या कष्टाने तरी तो गप्प बसायचा. आता विरार लोकलमध्ये लोंबकळतानाही "क्विक कॉल?" अंधेरी सुटली तरी ऑफिस सुटत नाही.

एक_पाय_नालासोपाऱ्यात:
लोकलमध्ये कॉल घेणाऱ्यांवरच एक धागा काढा आधी. लेडीज डब्यात परवा एक बाई मीरारोडपर्यंत स्पीकरवर मीटिंग करत होती, अख्ख्या डब्याला त्यांचं तिमाहीचं टार्गेट पाठ झालं.

सेल्सवाली:
ठिपक्याचा मलाही वैताग आहे पण दुसरी बाजू ऐका. आधीच्या नोकरीत माझा खासगी नंबर व्हिजिटिंग कार्डावर छापला होता. रात्री साडेअकराला "जेवलात का" असे मेसेज, डीपीवर कमेंट. नोकरी सोडली तरी चालूच, शेवटी सिम बदललं. आता कंपनीचा नंबर अ‍ॅपमध्ये वाजतो, सातनंतर व्हॉइसमेल. मला कोणी इंटरकॉमचं कौतुक सांगू नका.
आणि लोहारचाळकर, तुमच्या पोऱ्यांकडे गिऱ्हाइकं कुठल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत? त्यांच्याच ना? पोऱ्या शेजारच्या दुकानात गेला की?

लोहारचाळकर:
गेला ना. दिवाळीच्या तोंडावर गेला, रेटलिस्ट, उधारीचे फोटो, सगळे कंत्राटदार खिशात घालून. वर त्याच नंबरवरून मलाच दिवाळीच्या शुभेच्छा.

क्लाउडवाला:
मी कालपासून दुसरं काय सांगतोय?

लोहारचाळकर:
तुम्ही बुडणार म्हणत होतात. हे सेल्सवाल्या ताईंनी सांगितलं म्हणून ऐकतोय. आणि वीज गेल्यावर काय? १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात होती, तांब्याची लाईन एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टवर तरी चालते.

सर्व्हररूम:
लाईन चालते, पण तुमच्या ईपीएबीएक्सला बॅटरी नसेल तर तोही थंडच. उगाच छाती फुगवू नका.

लोहारचाळकर:
बॅटरी आहे. फुगलेली आहे ती गोष्ट वेगळी. बरं, गल्ल्यावरचा इंटरकॉम हलणार नाही, सेल्सच्या पोरांपुरतं बघू. माणशी काय पडतं ते जीएसटीसकट इथेच लिहा, "इनबॉक्समध्ये या" म्हणालात तर धागा बंद.

क्लाउडवाला:
मी विकत नाही हो, आयटीत नोकरी करतो.

लोहारचाळकर:
मग काल एवढं कोणासाठी भांडत होतात?