वीज नसताना बायनरी आणि डेटातली चूक कशी शिकवावी?

प्रश्न (गुहागर तालुका): शाळेत दोनच संगणक, पावसात वीज बेभरवशाची. सातवीच्या मुलांना बायनरी (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिणं) आणि डेटा पोचताना झालेली चूक संगणक कशी पकडतो, हे हातात वस्तू देऊन शिकवायचंय. पुठ्ठ्याची कार्डं जुलैत सर्द होऊन वळतात. दुसरं काय वापरावं?

उत्तर १: सर, तिसऱ्यांचे (खायच्या शिंपल्यांतला एक प्रकार) शिंपले. एका गटाला ३६. उकळून, घासून, कडक वाळवून घ्या, नाहीतर वासाने वर्गात कोणी बसणार नाही. पांढरी आतली बाजू वर म्हणजे १, पाठ वर म्हणजे ०. पाठ फिकी असेल तर ऑइलपेंट लावा; पाणरंग दमट बोटांना लागतो.

मुलांना ५×५ हवे तसे मांडू द्या. मग "थोडं मोठं करू" म्हणत सहावी आडवी आणि सहावी उभी ओळ तुम्ही लावा, प्रत्येक ओळीत पांढरे सम येतील असे. तुम्ही पाठ फिरवल्यावर कोणीतरी एक शिंपला उलटायचा. जी आडवी आणि जी उभी ओळ विषम झाली, ती जिथे छेदतात तिथे चूक. एकही पांढरा नसलेली ओळ समच धरायची. मुलं हमखास इथे अडतात.

उत्तर २: बायनरी त्याआधी घ्या, पाच करवंट्यांवर. समोर चुन्याने १६, ८, ४, २, १ लिहा (जांभ्या दगडावर खडू नीट उमटत नाही). उताणी मोजायची, पालथी सोडायची. उताणी डोलते, खाली सुंभाची चुंबळ द्या. मुलांना गोलात बसवू नका! समोरच्याला क्रम उलटा दिसतो आणि ६ चे १२ होतात. ३१ पर्यंत पोचले की ३२ मागा; सहावी करवंटी त्यांनीच मागायला हवी.

प्रश्नकर्ता: एखाद्याने गुपचूप दोन शिंपले उलटले तर?

उत्तर १: एकाच आडव्या ओळीतले असतील तर ती ओळ समच राहते, फक्त दोन उभ्या बिघडतात. चूक आहे हे कळतं, नेमकी कुठे ते नाही. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरचे चारही उलटले तर काहीच कळत नाही. हे आपण सांगू नये, मुलांना "सरांना फसवा" म्हणावं.

उत्तर ३: सम ऐवजी विषमचा नियम ५×५ वर चालतो, ५×६ वर नाही: कोपऱ्यातला शिंपला आडव्या ओळीसाठी एक बाजू मागतो, उभ्या ओळीसाठी दुसरी. आणि आधार क्रमांकाचा बारावा अंकही तपासणीचाच असतो, फक्त त्याचं गणित याहून बरंच किचकट. सातवीला नुसतं दाखवून सोडा.