मदत हवी आहे : आईच्या अकरा गोळ्या आणि सगळ्यावर एकच उत्तर, ‘वय झालंय’

पाऊलवाट :
नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, पण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळंच लिहितेय.

आई ८२ वर्षांची, वजन ४६ किलो. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतःची औषधं स्वतः घ्यायची, रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवायची. (पेन्सिल म्हणजे तिच्या मते पळवाट.) मग न्यूमोनिया झाला, नऊ दिवस रुग्णालयात होती. छाती बरी झाली, पण घरी आणली ती वेगळीच बाई.

सकाळी ठीक असते, दुपारनंतर बिनसतं. परवा स्वतःच्याच पलंगावर बसून मला विचारत होती, ‘मला घरी कधी नेणार?’ शब्दकोडं समोर होतं. मागून डोकावले तर एकाच चौकटीत चार अक्षरं एकावर एक गिरवलेली, कागद फाटायला आलेला, बाकी सगळं कोडं कोरं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तेच कोडं तिने निम्मं सोडवलं! दोनदा पडलीही, दोन्ही वेळा रात्री बाथरूमला उठताना. हाड मोडलं नाही एवढंच नशीब.

आता गोळ्या. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन जुनीच, गेल्या वर्षी डोस वाढवला. काही आठवड्यांनी पावलं सुजायला लागली म्हणून लघवी होण्याची गोळी दिली. त्यामुळे सारखी धावपळ, कधी वाटेतच व्हायची, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी रोखायला ऑक्सिब्युटिनिन दिली. मग तोंडाला कोरड आणि पोट साफ होईना, त्यावर पावडर. पायाच्या मुंग्यांसाठी गॅबापेंटिन, हे तिसरे डॉक्टर. रुग्णालयातून सोडताना झोपेसाठी डायझेपाम. शिवाय सर्दीची एक गोळी ती मनानेच घेते, ‘त्याने छान झोप लागते’ म्हणून. जीवनसत्त्वं वगैरे धरून अकरा.

प्रत्येकाला विचारलं, ‘ती अशी का वागते?’ प्रत्येकाचं उत्तर ‘वय झालंय आता’. दोन महिन्यांपूर्वी वय झालं नव्हतं का?

हा स्मृतिभ्रंश आहे का? कुणाला दाखवू? आणि यातल्या काही गोळ्या मी बंद करून बघू का?

अंगणवेल :
ताई, शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर : मनाने बंद करू नका. मी केलं होतं. बाबांची झोपेची गोळी एका रात्रीत थांबवली, आणि पुढचे चार दिवस घरात जे झालं ते शत्रूवरही येऊ नये. घाम, थरथर, भिंतीवर माणसं दिसायची. वर्षानुवर्षं घेतलेली ती गोळी टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते, हे मला नंतर कळलं.

बाकी तुमची गोळ्यांची गोष्ट वाचताना मला वाटलं, कुणी आमच्याच घरात डोकावून लिहिलंय.

जुना स्टेथो :
पाऊलवाट, मी वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी ठळक आहेत.

पहिली म्हणजे अचानकपणा आणि चढउतार. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी सरकत येतो. काही दिवसांत आलेला, सकाळी निवळणारा आणि संध्याकाळी वाढणारा गोंधळ दिसला की आम्ही आधी डेलिरियमचा विचार करतो. तो मेंदूत दिसत असला तरी कारण बहुधा दुसरीकडे असतं : संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, सोडियम घसरणं, तुंबलेली लघवी, साचलेला मल, दुखणं, औषधं. एकाच वेळी तीन-चार कारणं असणं हेच नेहमीचं. ते एका चौकटीतलं गिरवणं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. लक्ष एका जागी अडकणं ही डेलिरियमची खूणच आहे, आणि ‘आई गोंधळते’ या दोन शब्दांतून ते समोरच्याला कळत नाही. शक्य तर तो कागद घेऊन जा. मात्र ती अचानक फार सुस्त झाली, उठवून उठेना, ताप आला किंवा पडताना डोक्याला मार लागला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची साखळी. अ‍ॅम्लोडिपिनने पावलं सुजतात ती शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी पावलांत पाझरतं. म्हणून लघवीच्या गोळीने ती सूज फारशी उतरत नाही, बाथरूमच्या खेपा मात्र वाढतात. पुढची ऑक्सिब्युटिनिन अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवते. मूत्राशय शांत होतं, पण तेच रसायन आतड्याला, लाळेला आणि स्मरणशक्तीलाही लागतं. सर्दीच्या ज्या जुन्या गोळीने ‘छान झोप’ लागते, तीही बहुतेक याच जातीची. म्हणजे एकाच कामाच्या दोन गोळ्या, आणि तिसरीकडून डायझेपाम. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, याला आमच्यात ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणतात. प्रत्येक डॉक्टर आपापल्या पायरीवर बरोबर वाटतो. पूर्ण जिना कुणी बघत नाही.

आणखी एक. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन किती आहे?

पाऊलवाट :
१.०. पुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय.

जुना स्टेथो :
तिथेच मेख आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंपासून तयार होणारा टाकाऊ पदार्थ, किडनी तो बाहेर टाकते. ४६ किलोच्या बाईचे स्नायू मुळात कमी, म्हणून किडनी मंदावली तरी आकडा चांगलाच दिसतो. आम्ही १९७६ सालचं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतो. १४० मधून वय वजा करा, ५८. त्याला वजनाने गुणा, २६६८. त्याला ७२ आणि क्रिएटिनिनच्या गुणाकाराने भागा, ३७. बाई असेल तर ०.८५ ने गुणा. उरतात साधारण ३१, म्हणजे किडनी मिनिटाला अंदाजे इतके मिलिलिटर रक्त स्वच्छ करते. तरुणपणी हा आकडा शंभराच्या आसपास असतो. गॅबापेंटिन शरीरातून किडनीच्याच वाटेने बाहेर पडतं. तेव्हा तिचा डोस या ३१ कडे बघून ठरवायचा, ‘नॉर्मल’कडे बघून नाही.

चिरतरुण :
हे सगळं लक्षणांवर मलमपट्टी झालं. आता म्हातारपण मुळापासून रोखणारी औषधं निघालीत. टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांची वयानुसार झिजणारी टोकं, लांबवणाऱ्या कॅप्सूल मी स्वतः घेतो. आईला सुरू करून बघा.

गोळीबार :
बाराव्या गोळीचा सल्ला! मी फार्मासिस्ट आहे, कॅप्सूल विकून माझं पोट भरतं, तरी म्हणतो, नको.

जुना स्टेथो :
चिरतरुण, विषय निघालाच आहे तर. टेलोमेअरच्या संशोधनाला २००९ चं नोबेल मिळालं हे खरं. त्याच वर्षी, माणसाच्या हिशेबात साठीला आलेल्या उंदरांना रॅपामायसिन हे औषध दिल्यावर ते जास्त जगले, हेही प्रसिद्ध झालं. म्हातारपणाच्या जैविक खुणांची यादी २०१३ मध्ये नऊ होती, ती २०२३ मध्ये बारा झाली. शास्त्र जोरात पुढे चाललंय. पण माणसाचं वार्धक्य थांबवते असं सिद्ध झालेली गोळी आज एकही नाही, आणि टेलोमेअर लांबलेलं नेहमी बरंच असतं असंही नाही. न मरणाऱ्या पेशी कर्करोगातही असतातच.

या जीवशास्त्राचा पाऊलवाट यांना आत्ता उपयोग वेगळा आहे. म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, शिल्लक कमी होणं. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे जातं, मानेतल्या रक्तवाहिन्यांमधले दाब ओळखणारे संवेदक लगेच हृदयाला इशारा देतात. म्हातारपणी तो इशारा उशिरा पोचतो. त्यात लघवीची गोळी असली की रात्री उठल्या उठल्या दाब कोसळतो. शरीरात पाण्याचा वाटा घटतो, चरबीचा वाढतो, आणि डायझेपाम चरबीत मुरतं. विशीत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला अंदाजे २० तास लागतात, ऐंशीत ८० च्या आसपास. आज रात्रीची गोळी निम्मी उतरायच्या आत आणखी तीन रात्रींच्या गोळ्या तिच्यावर चढलेल्या असतात. चाळिशीच्या माणसाला हेच औषध जेमतेम जांभई आणेल.

गोळीबार :
पाऊलवाट ताई, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. डब्यातल्या, पर्समधल्या, उशीखालच्या, संपत आलेल्या मलमासकट. यादी नको, पिशवीच न्या. यादीत सर्दीची गोळी कधीच नसते. आणि एकाच डॉक्टरला बसून प्रत्येक गोळीला विचारायला लावा : ही कशासाठी, अजून लागते का, हिचा त्रास होतोय का? वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांची ‘बीअर्स’ यादी १९९१ पासून आहे. तुमच्या आईच्या डब्यातल्या निदान तीन तरी त्या यादीतल्या निघतील.

अंगणवेल :
आणि त्यांना पलंगावर ठेवू नका हो. २००७ चा एक अभ्यास डॉक्टरांनी आम्हाला सांगितला होता. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर पायांतलं मांस जवळजवळ एक किलो घटलं. त्या तर आजारी होत्या, नऊ दिवस.

पाऊलवाट :
बारा दिवसांनी लिहितेय. तुमच्यामुळे वृद्धरोगतज्ज्ञ सापडले. मी पिशवी टेबलावर उलटी केली, त्यांनी चष्मा काढला आणि पाच मिनिटं नुसत्या पट्ट्या बघत बसले. मग आईला झोपवून दाब घेतला, १४८. उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतला, ११६. वरचा आकडा २० ने पडला तरी त्यांना पुरतं, हिचा ३२ ने. पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं तर लघवी करून आल्यावरही अर्धा लिटरच्या वर तुंबलेली! आणि आम्ही समजत होतो, हिला लघवी आवरत नाही. ती आवरत नव्हती कारण भरलेलं भांडं वरून सांडत होतं. सोडियमही घसरलेलं, १२८. शिवाय एक गोष्ट आईने त्यांनाच सांगितली, मला नाही : रात्री उठायला नको म्हणून ती संध्याकाळपासून पाणीच पीत नव्हती.

ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. रक्तदाबाचं औषध बदललं, लघवीची गोळी काढली. गॅबापेंटिन निम्मं. दोन दिवस नळी घालावी लागली, ते वाईट गेले. डायझेपाम दोनच महिन्यांचं असलं तरी आठवड्या-आठवड्याने उतरवतोय. आठव्या दिवशी दुपारी तिने मला विचारलं, ‘मध्ये मी काही वेडंवाकडं बोलले का गं?’ काय सांगणार? ‘थोडंसं’ म्हटलं.

सगळं मागच्यासारखं झालेलं नाही. नावं अडकतात, संध्याकाळी थकते. डॉक्टर म्हणाले, डेलिरियम निवळायला महिने लागू शकतात, आणि मुळात स्मृतिभ्रंश सुरू झालाय का ते तीन महिन्यांनीच नीट तपासता येईल. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

जुना स्टेथो :
छान काम केलंत. दिवसातून तीन वेळा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावा. सुरुवातीला पाच वेळा, बाजूला तुम्ही उभ्या राहा.

पाऊलवाट :
उठते. मोजून पाच, सहावी विनंती करूनही नाही. पण आता नवीनच त्रांगडं झालंय. चालताना काठी घ्यायला सांगितलीय आणि ती हात लावायला तयार नाही. शब्दकोड्यातल्या पेन्सिलीसारखीच ‘पळवाट’ म्हणते. तुमच्या घरी कुणी काठीला तयार कसं केलं, ते सांगा.